ए मायनरची तीन बोटं

सोमवारी शिरोली एमआयडीसीला सुट्टी असते. त्या दिवशी सोमशेखर सकाळच्या एसटीनं मुरगूडला निघाला होता, आणि कशाला, तर एक जुनी गिटार आणायला. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, बावीस वर्षं फाउंड्रीत सुतारकाम केलेला, उभ्या जन्मात कधी टाळ हातात घेतला नाही. त्याला हे कुठलं खूळ सुचलं, असं तुम्ही विचाराल. त्याच्या बायकोनंही विचारलं होतं, आणि गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारलं होतं.

भानगड डाव्या हाताची होती. सोमशेखर पॅटर्न करायचा. लोखंडाची वस्तू ओतायच्या आधी तिचा हुबेहूब लाकडी नमुना करावा लागतो. तो वाळूत दाबून अलगद काढून घेतला, की मागं त्याच आकाराची पोकळी उरते, आणि मग त्या पोकळीत रस ओततात. हे नमुने करण्यात सोमशेखरचा हात धरणारा सगळ्या एमआयडीसीत नव्हता. जानेवारीत लाकूड कापायच्या बँडसॉवर एक फळी उडाली आणि डाव्या मनगटापाशी खोल चीर गेली. तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका, तिन्हींच्या नसा तुटल्या. डॉक्टरांनी त्या शिवल्या, जखमही भरली, पण ती तीन बोटं काही केल्या वाकेनात. हात सदानकदा उघडाच. पाणी प्यायचा तांब्या धरता येईना, की मोटरसायकलचा क्लच दाबता येईना.

एप्रिलअखेर कंपनीचा डॉक्टर हात तपासणार होता. हात चालला तर पुन्हा पॅटर्न शॉप, नाहीतर गेटवर खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायचे. गेटचं काम काही वाईट नसतं, पण सोमशेखर त्या खुर्चीचं नाव कुणाला काढू द्यायचा नाही. रबरी चेंडू दाबून दाबून तो वैतागला होता. तेव्हा व्यायाम घेणाऱ्या बाई सहज म्हणाल्या, "एखादं वाद्य का शिकत नाही? गिटारला नेमकी हीच बोटं लागतात." बाई बोलून विसरल्या. ह्यानं मनावर घेतलं.

आणि कंपनीतल्या मोल्डिंग खात्यातला गुंडू मुरगूडचा. तो म्हणाला, "गिटार कशाला इकत घेतोस? आमच्या शेजारच्या बसव्वाकडं पडून हाय की. पोरगं गेलं तिचं दोन वर्साखाली. मी सांगून ठेवतो तिला."

बसव्वाचं घर बाजाराच्या मागच्या बोळात, दोन खोल्यांचं. म्हातारी उंबऱ्यातच उभी होती. तिनं सोमशेखरच्या तोंडाकडं नंतर बघितलं, आधी हाताकडं बघितलं.

"या पावणं. ह्यो का त्यो हात?"

"व्हय, अव्वा."

"मिटत न्हाय म्हणं."

"अजिबात न्हाय."

तिनं त्याचा तळहात आपल्या हातात घेतला आणि दिवा लावायच्या आधी बाया पणती पुसतात तसा अंगठ्यानं पुसला. मग आतून पांढऱ्या धडप्यात गुंडाळलेली गिटार आणून त्याच्या मांडीवर ठेवली.

"किती द्यायचं?"

"इकायची न्हाय, तम्मा. तू ने. फकस्त ह्यो येक सूर नीट वाजला, की मला ऐकवाय ये." कानडीत धाकट्या भावाला म्हणतात तसं तम्मा म्हणत बसव्वानं आपला डावा हात हवेत धरला. त्या सुरकुतल्या हाताचं एक बोट पुढं आणि दोन बोटं मागं, अशी ठेवण झाली. "माजा शशीधर म्हैनाभर ह्योच धरून बसलाता. बाकीच्या तारा गोड वाजायच्या, आन् शेवटाची बारीक तार... टप्प. आंगाला ताप हुता तरी सोडंना. नीट वाजायच्या आदीच..."

तिनं चहा पुढं केला. सोमशेखरनं चहा घेतला, गिटार घेतली आणि परतीची एसटी धरली. गाडीत गिटार मांडीवर होती. तिच्या पोटातल्या गोल भोकातून वास येत होता, ओल्या मातीचा आणि बेलाच्या पानांचा. मार्च महिना, बाहेर रान करपलेलं, पावसाचा थेंब नाही. सोमशेखरला लाकडाचे वास पाठ होते. सागवान, शिवण, देवदार, डोळे मिटून सांगायचा. हा वास कुठल्याच लाकडाचा नव्हता, एवढं त्याला कळलं, आणि त्यानं खिडकी उघडली.

राजारामपुरीत एका दुकानाच्या वरच्या खोलीत आदर्श नावाचा चोवीस वर्षांचा मुलगा गिटार शिकवायचा. त्यानं काकांचा हात पाहिला, जरा विचार केला आणि म्हणाला, "आपण ए मायनरपास्नं सुरू करूया. कॉर्ड म्हंजे तीन-चार सूर एकदम. मेजर कॉर्ड कशी, हसऱ्या तोंडाची. मायनर म्हंजे जरा मन भरून आल्यागत वाजती. पर धरायला सोपी. बघा, तर्जनी दुसऱ्या तारंवर, पयल्या घरात, म्हंजे मानंवरच्या पयल्या पट्टीमागं. मधलं बोट चौथ्या तारंवर आन् अनामिका तिसऱ्या तारंवर, दोन्ही दुसऱ्या घरात. सगळ्यात वरची जाड तार सोडायची, बाकीच्या पाच छेडायच्या."

आदर्शनं धरून दाखवली. बसव्वानं हवेत केलेली ठेवण हीच होती.

पहिला आठवडा नुसती फजिती. तर्जनी तारेवर टेकवावी, तर मधलं बोट काठीसारखं ताठ. आदर्शला बघवायचं नाही. तो मोबाईलमध्ये तोंड घालून बसायचा. घरी बायको, वर्षाराणी, म्हणायची, "एवढ्यात लेकरू चालाय शिकलं असतं." पण दूध संघात पॅकिंगच्या पाळीवर जाताना ती स्वतःच गिटार भिंतीला नीट टेकवून ठेवायची. तिलाही गेटची ती खुर्ची दिसत होतीच की.

नवव्या का दहाव्या दिवसाची गोष्ट. भर दुपार. उचगावातलं त्यांचं घर, वर्षाराणी पाळीला गेलेली, लाइट गेलेली. पंखा थांबला तसे बाहेरचे सगळे आवाजही थांबल्यासारखे झाले. हायवेच्या गाड्यांची घरघर रोज असायची, तीही नव्हती. सोमशेखर भिंतीला पाठ लावून बसला होता. त्यानं तर्जनी दुसऱ्या तारेवर ठेवली. आणि मधलं बोट आपसूक वाकलं. सावकाश, पेरापेरानं वाकत चौथ्या तारेवर जाऊन बसलं. त्यानं श्वास रोखला. अनामिकेच्या नखावर गार काहीतरी टेकलं, आणि तिला हळूच दाबत दाबत तिसऱ्या तारेवर नेलं. मागून खांद्यावरून हात घालून एखाद्यानं शिकवावं, तसं.

मागं तर भिंत होती.

त्यानं उजव्या हातानं तारा छेडल्या. पाचवी वाजली, चौथी वाजली, तिसरी, दुसरी. शेवटची बारीक तार मात्र... टप्प.

भीती वाटली, हे खरं. पण तीन महिन्यांत पहिल्यांदा बोटं वाकली होती, आणि त्या आनंदापुढं भीती पार मागं पडली, हेही तितकंच खरं. माणूस अडलेला असला की मदत कोण करतंय, हे बघायला थांबत नाही. सोमशेखरनं त्या दुपारी पन्नास वेळा तरी ती कॉर्ड धरली. पन्नास वेळा खोली ओल्या मातीच्या वासानं भरली. पन्नास वेळा शेवटची तार दबकी वाजली. बायकोला त्यानं फक्त वाकलेली बोटं दाखवली, तर ती तिथंच स्वयंपाकघरात मटकन बसून रडली. मग बाकीचं कसं सांगणार?

आदर्शही खूश झाला. "आयला काका, जमलं की! फकस्त तर्जनीचं पोट खालच्या तारंला लागतंय. बोट जरा उभं धरा." सोमशेखरनं बोट उभं धरलं. टप्प. आणखी उभं केलं. टप्प. तेव्हा आदर्शनं वहीचं पान फाडून त्याची पट्टी केली आणि बोट आणि तार यांच्यामधून सरकवली. पट्टी आरपार गेली.

"लागत तर न्हाय..." तो पुटपुटला. त्यानं स्वतः ती तार छेडली. तार थरथरायला लागली आणि लगेच थांबली, कुणी वर बोट टेकवल्यावर थांबते तशी. आदर्श अगदी जवळ वाकून बघत होता. हळूहळू त्याचा चेहरा उतरला.

"काका... तुमी तीनच बोटं लावलीत न्हवं?"

"व्हय की. का?"

"काय न्हाय... आज एवढंच करूया."

दुसऱ्या दिवशी क्लासला कुलूप होतं, आणि आदर्श फोन उचलत नव्हता. सोमशेखरला राग आला. पोरगं भित्रं निघालं, असं तो स्वतःशीच म्हणाला. पण त्या रागात किती दम होता, ते त्यालाच ठाऊक. त्या दिवसापासून त्याला एका जागी बसवेना. जेवताना उठायचा, अंगणात जायचा, परत यायचा. गिटार खुंटीवर असली तरी डाव्या हाताची तीन बोटं मांडीवर, ताटाच्या काठावर, खिडकीच्या गजावर तीच ठेवण करून बसायची. तो झटकून सोडवायचा. थोड्या वेळानं बघावं, तर पुन्हा तेच.

कंपनीच्या डॉक्टरनं एप्रिलच्या शेवटच्या शुक्रवारी हात तपासला. दाब मोजायचं यंत्र एकेका बोटाला लावलं आणि काट्याकडं बघून चष्मा पुसला. ती तीन बोटं उजव्या हातापेक्षाही जोरकस होती. करंगळी आणि अंगठा होते तसेच, बेताचे. "असं मी पहिल्यांदाच बघतोय," डॉक्टर म्हणाला आणि त्यानं सही केली. मंगळवारपासून आठच्या पाळीला रुजू. सोमशेखरनं पेढे घेतले आणि सकाळी गुंडूनं चालवत आणलेली आपली मोटरसायकल चार महिन्यांनी पहिल्यांदा स्वतः चालवत निघाला.

तावडे हॉटेलच्या चौकात सिग्नल लागला. त्यानं क्लच दाबला. हिरवा दिवा लागला, मागून हॉर्न वाजायला लागले, आणि डाव्या हाताची तीन बोटं काही क्लच सोडेनात. तो ओढत होता, उजव्या हातानं उचकटत होता. "ए पावणं, झोपला काय?" मागून कुणीतरी ओरडलं. गाडी ढकलत त्यानं कडेला घेतली. पाऊण तासानं बोटं आपली आपण सुटली. पेढ्यांचा पुडा उन्हानं चिकट झाला होता.

त्यानं घरी हेही सांगितलं नाही. पण रविवारी सकाळी सांगायची गरजच उरली नाही. लिंगायताचं घर. रोज आंघोळ झाली की गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घ्यायचं, त्याला विभूती, फूल, बेल वाहायचं, हा शिरस्ता. हात जखमी होता तेव्हाही तो चुकला नव्हता, उलट तळहात सदा उघडा असल्यानं लिंग नीट बसायचं. त्या रविवारी त्यानं लिंग तळहातावर ठेवलं आणि तीन बोटं वाकायला लागली. एक पुढं, दोन मागं. तळहात कलला. लिंग घरंगळलं आणि त्याच्या मांडीवरच्या पंच्यात पडलं. जमिनीला लागलं नाही, एवढंच नशीब. लिंग हातातून सुटणं म्हणजे जीव सुटणं, असं मानणाऱ्या घरात तो वाढला होता. 

वर्षाराणीनं दारातून सगळं बघितलं. ती धावत आली आणि दोन्ही हातांनी त्याची बोटं सरळ करायला लागली.

"सोडा की वं! सोडा!"

"मी धरलंच न्हाय, वर्षा..."

ती थांबली.  मग खुंटीवरच्या गिटारीकडं बघून अगदी खालच्या आवाजात म्हणाली, "ज्येची हाय त्येला दिऊन या. उद्याच्या उद्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी सोमशेखर मुरगूडच्या त्या दोन खोल्यांत बसव्वासमोर बसला होता. त्यानं डावा हात पुढं केला. बोटं तशीच होती. बसव्वानं तो निरखून बघितला. तिला नवल वाटलेलं दिसलं नाही.

"आशीच हुती," ती म्हणाली.

"कुणाची?"

"शशीधरची. शेवटाला." तिनं पदरानं तोंड पुसलं. "तुज्या घरात आमच्यावानीच चालतं, तुला ठावं हाय. गेलेल्या मान्साला बसवत्यात, डाव्या हातात लिंग देत्यात, मग माती. त्येला बसवलं. पर डावा हात उघडंना. तीन बोटं आशी घट्ट... माती द्यायला आलेलं गुरुसिद्ध स्वामी मला म्हणालं, बोटं मोडावी लागतील, मोडू का? आय हाय मी. मोडा म्हणून कसं सांगू? मग उजव्या हातात दिलं, आन् माती लोटली." तिनं दाराकडं बघितलं. "आसं कुणी करत न्हाय आमच्यात. समद्यास्नी म्हाईत हुतं, चुकलं म्हणून. कोण बोललं न्हाय."

बाहेर बोळात कुणीतरी बादली ठेवली. सोमशेखरच्या मनात एक प्रश्न कधीचा घोळत होता.

"अव्वा, गिटार न्यायला किती जण आले असतील. माझ्यासारख्यालाच का दिलीस?"

बसव्वानं पदराचा काठ बोटाला गुंडाळला. "गुंडू म्हणाला, त्येचा डावा हात उघडाच ऱ्हातो... मला वाटलं, माज्या पोराला उघडा हात मिळंल..." आणि मग एकदम रडत म्हणाली, "पाप केलं का रं मी, तम्मा?"

सोमशेखरला संताप आला होता, आणि तिच्याकडं बघून तो टिकतही नव्हता. त्यानं गिटार मांडीवर घेतली. बोटं आधीच तयार होती, त्यानं फक्त त्यांच्याखाली गिटारीची मान सरकवली. वास आला. अनामिकेवर गार दाब आला. त्यानं डोळे मिटले आणि तोंडातल्या तोंडात म्हणाला, "शशीधर... येकदाच. नीट." आणि पाची तारा छेडल्या.

पाचही वाजल्या. शेवटची बारीक तारसुद्धा. भरलेला, जड सूर त्या दोन खोल्यांत बराच वेळ राहिला. बसव्वानं तोंडावर हात घेतला. "व्हय," ती म्हणाली, "ह्योच. ह्योच त्येला पायजे हुता." सूर विरला, आणि सोमशेखरची तीन बोटं एकेक करून तारांवरून उठली. त्यानं हात उघडला, मिटला, पुन्हा उघडला. स्वतःचा वाटला. त्याला रडू आलं आणि त्यानं ते आवरलं नाही. गिटार तिथंच ठेवून, म्हातारीच्या पाया पडून तो निघाला. परतीच्या वाटेवर त्याला गाढ झोप लागली, कितीतरी दिवसांनी.

मंगळवार उजाडला. वर्षाराणीनं डबा भरला, कंपनीचा निळा शर्ट इस्त्री करून दाराच्या कडीला अडकवला. तिच्या हातांत नुसती लगबग होती. सोमशेखर आंघोळ करून पाटावर बसला. डावा हात पुढं धरला, तर तळहात फळीसारखा सपाट. कुठं कंप नाही, ओढ नाही. त्यानं लिंग काढून वर ठेवलं. ते स्थिर बसलं. विभूती लावली, फूल वाहिलं, बेलाचं पान ठेवलं. त्याला हलकं हलकं वाटलं. त्यानं डोळे मिटले.

तेव्हा तर्जनी वाकली. घाई नव्हती. मग मधलं बोट, मग अनामिका. ह्या वेळी ती कॉर्डची ठेवण नव्हती. तिन्ही बोटं लिंगावर मिटली, पानाफुलासकट, आणि तशीच राहिली. दुखत नव्हतं. उलट त्या मुठीत एक समाधान होतं, आणि ते आपलं नाही, हे सोमशेखरला स्पष्ट कळत होतं.

"अवं, आटपा की. पयलाच दिस हाय," आतून वर्षाराणी म्हणाली.

त्यानं उजव्या हातानं तर्जनी उचकटली. ती जरा उचलली गेली. हात काढताच सावकाश परत जाग्यावर गेली. उठून तिच्याकडं जावं म्हणून त्यानं पाय सोडवायला घेतले, तर घातलेली मांडी सुटेना.

"अवं...?"

त्याला ओ द्यायची होती. मुठीबाहेर राहिलेली करंगळी आणि अंगठा तेवढे थरथरत होते. त्या हातात त्याची स्वतःची म्हणावी अशी ती दोनच बोटं उरली होती.